जुनी हातघडणीची क्लासिकल गिटार: तपासायची कशी, ऐकायची कशी, सांभाळायची कशी

पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर सातव्या फ्रेटला (मानेवरच्या सातव्या आडव्या धातूच्या पट्टीशी) बोट ठेवा, उजव्या हाताच्या अनामिकेनं तार हलकेच छेडा आणि थांबा. दुसरा सूर वाजवू नका. हा सूर सुटतो कसा, सुटल्यावर क्षणभर भरतो का, आणि मावळताना शेवटपर्यंत सुरात राहतो का, एवढंच ऐका. जुनी गिटार विकत घ्यायला जाणारे बहुतेक जण ओळखीची धून वाजवायला लागतात. धून वाजली की कान तिच्यामागे जातो आणि वाद्य ऐकायचं राहून जातं. एकटा सूर मात्र काही लपवत नाही.

माझ्याकडची गिटार १९७२ सालची, जपानी कारागिराच्या हातची. मुंबईतल्या एका निवृत्त गोमंतकीय वादकांकडून ती मी घेतली. तरुणपणी ते बोटीवरच्या बँडमध्ये होते, जपानच्या बंदरात उतरून ती त्यांनी घेतली होती. पहिल्या भेटीत मी दोन-तीन सूर वाजवले आणि नाद बसका आहे असं म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "तारा चार वर्षांच्या आहेत, बाबा. नव्या लाव, चार दिवसांनी ये, मग बोल." मी तसंच केलं. चार दिवसांनी तीच गिटार ओळखू आली नाही. पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या दिवसापासून झाली.

आधी एक गोष्ट पक्की करा: नाद टॉपचा असतो

गिटारची समोरची फळी म्हणजे टॉप. जाडी जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर. तार स्वतः फारसा आवाज करत नाही, ती ब्रिजला (टॉपवर चिकटवलेल्या, तारा बांधायच्या लाकडी पट्टीला) हलवते, ब्रिज टॉपला हलवतो आणि टॉप हवेला. मागची फळी आणि बाजू त्या आवाजाला रंग देतात, पण आवाज जन्मतो तो टॉपमध्ये.

आजची क्लासिकल गिटार ज्याच्या घडणीवर उभी आहे तो स्पेनमधल्या अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२). टॉपच्या आतून पंख्यासारख्या पसरणाऱ्या सात पट्ट्या, मोठा आकार, पातळ आणि किंचित घुमटाकार टॉप ही मांडणी त्यानं पक्की केली. १८६२ मध्ये त्यानं एक गिटार बनवली, तिचा टॉप नेहमीसारखा लाकडी, पण पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या पुठ्ठ्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टॉपचं महत्त्व पटवून देणारा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. स्पॅनिश वादक-संगीतकार फ्रान्सिस्को तारेगाचं नाव ज्या वाद्याशी जोडलं गेलं ती १८६४ सालची गिटारही तोरेसचीच.

म्हणून जुन्या गिटारला विचारायचा मुख्य प्रश्न एकच: हा टॉप अजून मोकळेपणानं हलतो का? तपासणी, ऐकणं, घरची निगा, तारांची निवड, सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं.

जाताना काय न्यावं

दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा (औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो), लहान बॅटरी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, साध्या कागदाची एक पट्टी आणि ट्यूनर (तारा सुरात लावायचं छोटं यंत्र). शक्य असेल तर वाजवणारा एक मित्र. मित्र का, ते ऐकण्याच्या भागात येईल. निघण्याआधी फोन करून विचारा की तारा कधीच्या आहेत. जुन्या असतील तर नव्या संचाचे पैसे मी देतो, आधी बदलून ठेवा, असं सांगा. नायलॉनच्या तारा बसायला दोन-चार दिवस घेतात, त्याआधी त्या सतत उतरत राहतात.

लेबल वाचा, पण लेबलवर थांबू नका

साउंडहोलमधून (टॉपच्या गोल छिद्रातून) आत पाहिलं की पाठीवर चिकटवलेलं लेबल दिसतं: कारागीर किंवा कार्यशाळेचं नाव, गाव, साल, कधी सही. यात एक फरक लक्षात ठेवायचा. काही गिटारी एकाच माणसाच्या हातून पहिल्यापासून शेवटपर्यंत होतात. म्युनिकचा हेर्मान हाउझर (१८८२–१९५२) असा कारागीर होता. त्याची १९३७ सालची गिटार विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोवियानं पंचवीसएक वर्षं मैफलींत वाजवली, आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दुसऱ्या गिटारी नामांकित कार्यशाळेच्या असतात. माद्रिदच्या रामिरेस घराण्याच्या कार्यशाळेत वरच्या दर्जाची गिटारही तिथले निष्णात कारागीर घडवायचे आणि आतल्या बाजूला आपली खूण उमटवायचे. कार्यशाळेची म्हणून गिटार कमी ठरत नाही, पण विकणारा काय सांगतो आणि लेबल काय सांगतं ते जुळलं पाहिजे.

लेबल कागदाचं असतं आणि कागद कुणीही चिकटवू शकतो. म्हणून डोक्याचा (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाचा) आकार, साउंडहोलभोवतीची नक्षी आणि आतल्या पट्ट्यांची मांडणी त्या कारागिराच्या खात्रीच्या गिटारींच्या फोटोंशी ताडून पाहा. डोक्याचा आकार ही तर कारागिराची स्वाक्षरीच असते.

जपानी गिटारींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. मासारू कोहनो (१९२६–१९९८) हा टोकियोचा कारागीर १९६० च्या सुमारास माद्रिदला जाऊन आर्कान्हेल फेर्नान्देसच्या हाताखाली शिकून आला, आणि १९६७ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथल्या गिटारघडणीच्या स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं. तेव्हापासून जपानमध्ये स्पॅनिश पद्धतीच्या उत्तम गिटारी घडू लागल्या. कमी खर्चात खरी हातघडण हवी असेल तर माझी पहिली शिफारस याच गिटारींची.

लाकूड: स्प्रूस की सीडर

टॉप दोनच लाकडांचा असण्याची शक्यता जास्त. स्प्रूस नवा असताना जवळपास पांढरा असतो आणि वयानं मधासारखा पिवळा-नारिंगी होतो. सीडर पहिल्यापासूनच तांबूस-तपकिरी. सीडर क्लासिकल गिटारमध्ये रुळवला तो तिसऱ्या होसे रामिरेसनं (१९२२–१९९५) १९६० च्या दशकाच्या मध्याला. म्हणून १९५० सालचं लेबल आणि तांबूस सीडरचा टॉप एकत्र दिसला तर सावध व्हा.

नादातला फरक माझ्या कानाला असा वाटतो. सीडर चटकन बोलतो. बोट लागताच भरलेला, उबदार, थोडा गडद सूर मिळतो, हळू वाजवलं तरी. स्प्रूस थोडी मेहनत मागतो, पण सुराच्या कडा स्वच्छ ठेवतो. चार सूर एकदम वाजले तरी चारही वेगळे ऐकू येतात, आणि बोटाची जागा बदलली की रंग जास्त बदलतो. वर्षानुवर्षं वाजत राहिलेला चांगला स्प्रूस जितका मोकळा होतो तितका सीडर होत नाही, असं जाणते वादक सांगतात, आणि मी ऐकलेल्या जुन्या गिटारींवरून मला ते पटतं.

पाठ आणि बाजूंसाठी जुन्या स्पॅनिश गिटारींत ब्राझिलियन रोझवूड असायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि युरोपातले कारागीर भारतीय रोझवूडकडे वळले. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीपासून दक्षिणेच्या जंगलांत वाढणारा, ज्याचे झोपाळे आणि पलंग आपल्या आजीच्या घरी होते. सेगोवियाच्या काळातल्या कितीतरी माद्रिदी गिटारींची पाठ आपल्याच घाटांतल्या लाकडाची आहे. सरळ, जांभळट-तपकिरी रेषा असतील तर बहुधा शिसव. काळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा असतील तर ब्राझिलियन असू शकतं. फोटोवरून मात्र खात्री देता येत नाही. फक्त ब्राझिलियन आहे म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. आधी टॉप ऐका.

आरसा, बॅटरी आणि पट्टी

आता वाजवण्याआधी वाद्य तपासायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नाद आवडला की माणूस दोष बघायचं सोडतो.

गिटार मांडीवर आडवी धरा आणि खालच्या टोकाकडून टॉपच्या पातळीत डोळा लावून पाहा. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असणं स्वाभाविक आहे, पन्नास वर्षं तारांनी ओढलेलं लाकूड आहे ते. पण ब्रिज आणि साउंडहोलच्या मधे टॉप खचलेला असेल, ब्रिज पुढे झुकल्यासारखा दिसत असेल, तर आतल्या पट्ट्यांनी दम सोडलाय.

कागदाची पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कुठेही आत शिरली तर ब्रिज सुटायला लागलाय. दुरुस्ती होते, पण तिचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

मग आरसा साउंडहोलमधून आत घाला, बॅटरी बाहेरून टॉपवर धरा. टॉप इतका पातळ असतो की प्रकाश लाकडातून आत झिरपतो, तांबूस उजेड दिसतो आणि पंख्याच्या पट्ट्या त्यावर काळ्या सावल्यांसारख्या उठतात. भेग असेल तर ती उजेडाची तेजस्वी रेघ होऊन समोर येते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझ्या गिटारमध्ये फिंगरबोर्डाच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) कडेला अशी एक रेघ होती, आणि तिच्यावर आतून चौकोनी लाकडी चकत्या ओळीनं चिकटवलेल्या. कुणीतरी फार निगुतीनं ती भेग बुजवली होती. अशी नीट दुरुस्त केलेली भेग घाबरण्यासारखी नाही. उघडी भेग, किंवा बाहेरून गोंद ओतून झाकलेली भेग, ही काळजीची गोष्ट.

सुटलेली पट्टी डोळ्यांना नेहमी दिसत नाही, पण कानाला कळते. बोटांच्या पेरांनी टॉपवर आणि पाठीवर सगळीकडे हलकं टिचकी मारत फिरा. सगळीकडे स्वच्छ "टुम्" यायला हवं. कुठे "खर्र" असा बारीक थरथरता आवाज आला की तिथली पट्टी सुटली आहे.

मानेवर डोळा लावून सरळपणा पाहा. जुन्या क्लासिकल गिटारींच्या मानेत लोखंडी सळई नसते, त्यामुळे वाकलेली मान किल्ली फिरवून सरळ करता येत नाही. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा: सहाव्या तारेखाली सुमारे ४ मिलिमीटर, पहिलीखाली सुमारे ३, हे चांगलं माप. जास्त असेल तर सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पातळ पट्टी) किती उरलंय ते पाहा. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर खाली आणायचा तर सॅडल २ मिलिमीटर तासावं लागतं. सॅडल आधीच तासून ब्रिजला टेकलं असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर खाली आणायला जागाच उरलेली नाही. स्पॅनिश घडणीत मान आणि पेटी (गिटारचं पोकळ अंग) एकजीव असतात, बाजूच्या फळ्या मानेच्या बुंध्यातल्या खाचांतच बसवलेल्या असतात. त्यामुळे मान काढून कोन बदलणं हे अगदी मोठं काम आहे. अशी गिटार मी कितीही गोड वाजली तरी घेणार नाही.

नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा. ६५० मिलिमीटर हे आजचं सर्वसाधारण माप. १९६० आणि ७० च्या दशकातल्या अनेक माद्रिदी आणि त्यांच्या धर्तीवरच्या जपानी गिटारी ६६० किंवा ६६४ मिलिमीटरच्या असतात. कागदावर फरक छोटा, पण पहिल्या तीन फ्रेटांवर बोटं ताणावी लागतात तेव्हा तो कळतो. हात लहान असेल तर घेण्याआधी अर्धा तास वाजवून पाहा.

शेवटी पॉलिश. चांगल्या जुन्या गिटारींवर बऱ्याचदा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, बोळ्यानं शेकडो हात फिरवून चढवलेली. लाखेचं मोठं उत्पादन आपल्याच देशात, झारखंड-छत्तीसगडच्या पट्ट्यात होतं. हा थर अत्यंत पातळ असतो आणि टॉपला अडवत नाही. कुणी हौसेनं जाड, चकचकीत वार्निश चढवलं असेल तर टॉप जड होतो आणि नाद कोंडतो. आणि एक लक्षात ठेवा: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हाताला सॅनिटायझर लावून अशा गिटारला हात लावू नका, बोटांचे ठसे पॉलिशमध्ये कायमचे उमटतात.

आता ऐका

खोली शांत हवी, पंखा बंद. गिटार ट्यूनरनं नीट लावा, एकदा नाही, दोनदा.

*पेटीचा स्वतःचा सूर शोधा.* साउंडहोलजवळ तोंड नेऊन खर्जातून हळूहळू वर गुणगुणत या. एका जागी पेटी एकदम उत्तर देते, पाठीवर टेकलेल्या पोटाला थरथर जाणवते. आवाज तितका खाली जात नसेल तर सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वाजवत वर जा. दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटच्या आसपास, म्हणजे साधारण ९० ते १०५ हर्ट्‌झच्या दरम्यान, एक सूर इतरांपेक्षा फुगून येतो. हा आतल्या हवेचा सूर. तो जितका खाली तितका खर्ज खोल आणि गडद. जुन्या स्पॅनिश वळणाच्या गिटारींत तो बऱ्याचदा खाली असतो, म्हणून त्या मोठ्या नसल्या तरी त्यांचा खर्ज जमिनीतून आल्यासारखा वाटतो.

*बुडणारे सूर शोधा.* आता प्रत्येक तारेवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर, सारख्याच जोरानं, पूर्ण मावळेपर्यंत. घाई नको, याला वीस मिनिटं जातात. कुठेतरी एक सूर मोठ्यानं उठेल आणि झटकन विझेल. त्या सुराची कंपनसंख्या पेटीच्या स्वतःच्या सुराशी जुळलेली असते. पेटी त्याची सगळी ताकद एकदम खर्च करून टाकते. असे एक-दोन सूर प्रत्येक गिटारमध्ये असतात, थोर गिटारींतही. बघायचं ते इतकंच की तो सूर किती बुडतो आणि तो तुम्हाला सारखा लागणारा आहे का. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटचा सूर बुडत असेल तर तो पदोपदी नडतो. बुडणारा सूर दोन फ्रेटांच्या मधे पडला तर तुमचं नशीब.

*आस ऐका.* सतारीवाले ज्याला आस म्हणतात तीच इथे तपासायची. पण आस लांब असणं पुरेसं नाही, ती आकाराची असली पाहिजे. बऱ्याच गिटारी सुरुवातीला ठणकन वाजतात आणि लगेच उतरतात. उत्तम जुनी गिटार सुटल्यावर अगदी क्षणभर भरते, मग हळू उतरते. पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत, आणि पुढे सतराव्यालाही, हे ऐका. गिटारची खरी परीक्षा तिथे आहे. उंचावरचे सूर लाकडी "टक्" होऊन तुटत असतील तर खर्ज कितीही गोड असला तरी ती गिटार गाणार नाही.

*तिसरी तार.* नायलॉनची तिसरी तार जाड आणि सैल असते, म्हणून जवळपास सगळीकडे ती मंद वाजते. तिची शेजारच्या दोन तारांशी तुलना करा. फरक थोडा असेल तर कार्बनची तिसरी तार लावून सुधारतो. फार असेल तर दोष टॉपमध्ये आहे.

*रंगांचा पल्ला.* एकच सूर, उजवा हात फिंगरबोर्डाच्या टोकावर नेऊन वाजवा, मग साउंडहोलवर, मग ब्रिजच्या अगदी जवळ. चांगल्या जुन्या गिटारमध्ये ही तीन वेगळी वाद्यं वाटतात: पहिलं बासरीसारखं गोल, दुसरं सरळ माणसाच्या गळ्यासारखं, तिसरं धातूसारखं टोकदार. नव्या, मोठ्या आवाजासाठी बनवलेल्या अनेक गिटारी जोरात वाजतात, पण हे तीन रंग जवळ जवळ येतात. माझ्या मते जुन्या हातघडणीच्या गिटारचं खरं मोल या पल्ल्यात आहे, आणि यासाठी मी थोडा कमी आवाज आनंदानं पत्करेन.

*जोर.* अगदी हळू वाजवा, इतकं की शेजारच्यालाच ऐकू यावं. सूर तरीही पूर्ण असायला हवा. मग जोरात. एका मर्यादेनंतर प्रत्येक गिटारचा सूर फाटतो, ती मर्यादा कुठे आहे ते कळलं पाहिजे.

*लांबून ऐका.* आता मित्राला वाजवायला द्या आणि सात-आठ मीटर लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहा. वाजवणाऱ्याच्या कानाला मोठी वाटणारी गिटार लांबून लहान वाटू शकते, आणि उलटही होतं. पाठ फिरवल्यामुळे लेबल, लाकूड आणि जुनेपणाचं तेज डोळ्यांसमोरून जातं. शक्य असेल तर तुमची रोजची गिटारही बरोबर न्या. मित्रानं न सांगता आलटूनपालटून वाजवावी, तुम्ही कागदावर लिहीत जा.

वर्षानुवर्षं ठेवायच्या पेटीत (केसमध्ये) पडून राहिलेली गिटार पहिल्या तासात थोडी झोपलेली वाटू शकते. वाजवत राहिलं की ती मोकळी होते, हा अनेक वादकांचा अनुभव आहे. म्हणून दुसऱ्यांदा जा, तेच सूर त्याच क्रमानं ऐका. दोन्ही दिवशीचे कागद शेजारी ठेवून ठरवा.

कागदपत्र

ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय असं वाद्य सीमेपलीकडे नेता-आणता येत नाही. शिसव २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आला, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जुन्या गिटारींचे नट आणि सॅडल कधी कधी हस्तिदंताचे असतात, तोही तितकाच अडचणीचा विषय. परदेशातून मागवत असाल तर लाकडाचं नाव आणि नट-सॅडल कशाचं आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि पैसे देण्याआधी सीमाशुल्क विभागाकडे चौकशी करा.

घरी आणल्यावर: पाऊस आणि एसी

युरोप आणि जपानमधल्या या गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत घडवल्या जातात. मुंबईत जुलैमध्ये हवा ८० टक्क्यांच्या वर असते, पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती ३० च्या खाली उतरते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आक्रसतं. टॉपच्या कडा बाजूंना चिकटलेल्या असतात, त्यामुळे फुगलेलं लाकूड जागा न मिळून वर उठतं. म्हणून पावसाळ्यात तारा उंच होतात आणि नाद जड, घोगरा होतो. उन्हाळ्यात उलट: टॉप खाली बसतो, तारा फ्रेटांवर करकरतात, आणि ताण सहन झाला नाही की भेग पडते.

माझी पहिली भेग पावसात नाही, मे महिन्यात पडली. रात्रभर एसी सुरू, गिटार ठेवायच्या पेटीबाहेर कोपऱ्यात उभी. पहाटे टाळी वाजल्यासारखा एकच आवाज आला. सकाळी ब्रिजच्या खाली बोटभर लांब रेघ दिसली. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या देशात राहून मला सतारीच्या भोपळ्याची काळजी ठाऊक होती, पातळ सीडरची नव्हती.

तेव्हापासून हे नियम मी मोडत नाही. पेटीत छोटा डिजिटल आर्द्रतामापक कायम. वाजवून झालं की गिटार पेटीत, पेटी बंद. पेटीत दोन्ही दिशांनी काम करणारी, सुमारे ४९ टक्क्यांची आर्द्रता-पाकिटं. ती ओलावा शोषतात आणि गरज पडली की सोडतातही. साधी सिलिका जेल फक्त शोषते, ती पावसाळ्यापुरती ठीक, पण ऑक्टोबरमध्ये आठवणीनं काढा. बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत आतून ओली असते. उभ्या गाडीत गिटार पंधरा मिनिटंही नको. जुन्या गिटारींत कारागीर बहुधा जनावराच्या सरसानं चिकटवायचे, आणि सरस उष्णतेनं सुटतो.

मापक ४० ते ५५ च्या मधे राहिला की बाकी चिंता करू नका. मुंबईत पावसाळ्यात ६० दाखवलं तरी चालेल, हळूहळू झालेला बदल लाकूड सोसतं. एका रात्रीत ७० वरून ३५ झालं की फुटतं.

तारा

सर्वात आधी: क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. आपल्याकडे हवाईयन नसलेल्या प्रत्येक गिटारला वर्षानुवर्षं स्पॅनिश गिटार म्हणत आले, आणि दुकानात "स्पॅनिशच्या तारा द्या" म्हटलं की स्टीलचा संच हाती पडायचा. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४० किलो. स्टीलचा त्याच्या दीडपटीहून जास्त. अडीच मिलिमीटरचा टॉप तो सोसत नाही. कितीतरी चांगल्या जुन्या गिटारींचे ब्रिज असेच उखडले आहेत.

नायलॉनच्या तारा तशा नव्याच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या धाग्यापासून त्या तयार केल्या. तोरेसच्या काळातल्या गिटारी आतड्याच्या तारांसाठी घडल्या होत्या, म्हणून फार जुन्या, हलक्या वाद्याला कमी ताणाचा संच लावा. १९६०–७० च्या गिटारींना मध्यम ताण पुरेसा. जास्त ताणानं आवाज वाढतो असं वाटतं, पण टॉप आखडतो, रंगांचा पल्ला कमी होतो आणि ब्रिजवर ओझं पडतं.

संच बदलताना सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. टॉपवरचा ताण एकदम गेला आणि परत आला तर जुनं लाकूड कुरकुरतं. ब्रिजमागे तार बांधताना खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, सुटलेल्या तारेचं टोक पॉलिशवर ओरखडा काढतं. ३०–४० तास वाजवलं की खर्जाच्या तीन तारा मंद होतात, तेव्हा त्या बदला. वरच्या तीन जास्त टिकतात.

आणि पहिल्याच आठवड्यात एक वही घाला. तारीख, मापकावरचा आकडा, बाराव्या फ्रेटवरची उंची, कुठला सूर बुडतो, सातव्या फ्रेटचा सूर किती सेकंद टिकतो. दर ऋतूला तेच परत मोजा. माझ्या वहीत १४ जूनच्या पानावर आर्द्रता ६२, सहाव्या तारेची उंची ४.६ मिलिमीटर, आणि पुढे लिहिलंय: नाद जड, पण सातव्याची आस तशीच.